बंदीच्या महिन्यांतला ओढा

आमच्याकडे बरीच वर्षं १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांत वसईच्या पाचूबंदरच्या किनाऱ्यावर बोटी वर ओढलेल्या असतात, त्यांच्यावर ताडपत्र्या, आणि पुरुषमाणसं जाळी शिवत बसलेली. घरात पैसा येत नाही, वाण्याची वही मात्र भरत जाते. अशाच एका पावसाळ्याच्या तोंडावर कामणकडच्या एका भातशेतकऱ्यानं माझ्या मोठ्या भावाला विचारलं, “तुम्हा कोळ्यांना भरती-ओहोटीचं कळतं ना? मग आमच्या झडपेवर राखणीला या.” भावाला पायथ्याच्या गावात जाऊन राहायचं नव्हतं. मी गेलो. त्याला वीसहून जास्त वर्षं झाली. समुद्र बंद झाला की मी तुंगारेश्वरच्या पायथ्याशी ओढ्यावर असतो. ऑगस्टमध्ये बोट पाण्यात गेली, तरी मोठ्या पावसाचा अंदाज आला की तिकडून फोन येतोच.

ओळख करून द्यायची तर ती त्या पाण्याच्या वाटेची. तुंगारेश्वरचा डोंगर दोन हजार फुटांच्या वर जातो. वरचं जंगल २००३ पासून अभयारण्य आहे. चिंचोटीचा धबधबा बघायला मुंबईहून पोरं येतात, ते पाणी याच डोंगराचं. तिथून असे लहान-मोठे अनेक ओढे उतरतात, भातशेतांतून वळसे घेत कामणच्या खाडीला मिळतात. कामणची खाडी वसईच्या खाडीला मिळते. मग ते पाणी पाणजू बेटाला वळसा घालून, रेल्वेच्या पुलांखालून, किल्ल्याच्या तटाला लागून आमच्या दारावरून समुद्रात जातं. म्हणजे ओढ्याच्या शेवटाला मी जन्मलो आणि पोटासाठी उलट वाटेनं त्याच्या उगमाकडे गेलो. डोंगराचा माथा आणि खाडी यांत अंतर फार नाही. त्यामुळे माथ्यावर जोराची सर झाली की तास-दीड तासात ती शेतात येऊन उभी राहते. वाटेत तिला आडवे पडलेले भराव : मुंबई-अहमदाबाद महामार्ग, चिंचोटीहून भिवंडीकडे जाणारा रस्ता, दिवा-वसई रेल्वे आणि आता मालगाड्यांचा नवा लोहमार्ग. प्रत्येक भरावाला पाण्यासाठी मोऱ्या ठेवल्या आहेत. पाण्याला वाट आहे, पण ती मोरीच्या मापाची.

किनाऱ्यावरच्या माणसाला पूर म्हणजे पाणी. पायथ्याचा शेतकरी पाण्याविषयी फारसं बोलतच नाही. तो बोलतो गोट्यांविषयी, रेतीविषयी, मुळासकट उपटून आलेल्या झाडांविषयी. भाताचं रोप दोन दिवस पाण्याखाली राहिलं तरी मान वर काढतं, पण वीतभर रेतीखाली गेलं की संपलं. लावणी झालेल्या शेतात दगड-गोटे पसरले की ते वेचायला पुढचा उन्हाळा जातो. शिवाय ओढ्यानं कुठे फुटायचं हे पाणी ठरवत नाही, पाण्यातलं ओझं ठरवतं. एक उंबराचं खोड मोरीच्या तोंडाशी आडवं अडकतं. त्याला फांद्या अडकतात, फांद्यांना प्लास्टिक, प्लास्टिकला पालापाचोळा, आणि अर्ध्या तासात तिथे बांध तयार होतो. मग पाणी बाजूनं वाट काढतं, आणि ती बाजू कुणाच्या तरी शेताची असते.

हे ओझं आमच्या ओळखीचंच होतं. जूनच्या पहिल्या लोंढ्यात खाडीतून थर्माकोल, बाटल्या, ओंडके, गाद्यांचा कापूस, कधी मेलेलं ढोर असं सगळं उतरतं. खाडीत लहान जाळी टाकणाऱ्यांना ते दिवस नकोसे असतात. ओंडका जाळ्यात शिरला की मासळी राहिली बाजूला, जाळंच फाडून घरी आणायचं. आम्ही किनाऱ्यावर उभं राहून “वरच्यांनी घाण सोडली” म्हणायचो. वरचे कोण, हे मला त्या झडपेवर कळलं. वरचेही त्यांच्या वरच्यांना शिव्या देत होते.

झडप म्हणजे खाजणाच्या बांधातलं एकतर्फी दार. वरच्या बाजूला बिजागरी, खाली मोकळं. ओहोटीला आतलं पाणी दार लोटून बाहेर जातं, भरतीला बाहेरचं खारं पाणी दार दाबून बंद करतं. इतकं साधं आहे. माणूस लागतो तो दारात अडकलेलं काढायला. दाराच्या फटीत मनगटाएवढी काठी राहिली, तर पुढची भरती आत येते, आणि एका रात्रीत आलेलं मीठ जमिनीतून धुऊन निघायला दोन-तीन पावसाळे लागू शकतात. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्रानं खाऱ्या जमिनीत टिकणाऱ्या भाताच्या जाती काढल्या आहेत. पनवेल १, २, ३ अशा नावांनी ते बियाणं मिळतं. पण तेही ठरावीक प्रमाणापर्यंतच मीठ सोसतं.

तिथे मला आजोबांचं गणित कामाला आलं. तिथीला पाऊणने गुणायचं, येईल ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला साधारण अकरा-बाराच्या सुमारास. दिवसा एकदा, रात्री एकदा. घरात भिंतीवर भरतीचं छापील वेळापत्रक असतं, मोबाइलवरही दिसतं, तरी मी आधी तिथी विचारतो. पायथ्याच्या शेतकऱ्यांना हे गणित नवं होतं. त्यांचा हिशोब नक्षत्रांचा. मृगाला पेरणी, आर्द्रा कशी गेली, पुनर्वसूत लावणी आटोपली की नाही. त्यांचं नक्षत्र आणि माझी तिथी एकत्र केली की कुठल्या दिवशी जागं राहायचं ते कळायचं.

उधाणाची भीती सगळ्यांना असते. मुंबईत साडेचार मीटरच्या वरच्या भरतीच्या तारखा पावसाळ्याआधीच वर्तमानपत्रात येतात. पण मला उधाणाइतकीच भीती भांगाची वाटते. उधाणाला भरती मोठी, तशी ओहोटीही खोल जाते. दार उघडलं की पाणी धबधबा निघून जातं. अष्टमीच्या सुमाराला भरती लहान, पण पाणी उतरतही नाही. दार अर्धवट उघडतं, लोटता लोटता परत बंद होतं. अशा दिवसांत दोन दिवस संततधार लागली की शेतं तुडुंब राहतात आणि कचरा दारातून निघून न जाता तिथेच घोटाळत बसतो. भांगाच्या रात्री मी झडपेवरच झोपतो. हे कुठल्या सूचनाफलकावर लिहिलेलं मी पाहिलं नाही.

२६ जुलै २००५ चा पाऊस सगळ्यांना आठवतो. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर नोंदला गेला. गुरुपौर्णिमा होऊन पाच दिवस झाले होते. पाचाला पाऊणने गुणा, पावणेचार. त्या दिवशी दुपारची भरती त्याच सुमाराला होती आणि पाऊसही दुपारनंतरच कोसळला. आम्ही चौघं झडपेच्या बांधावर होतो. बाहेरचं पाणी दारावर चढलेलं आणि आतलं पाणी बांधाच्या काठाला लागलेलं. अशा वेळी करण्यासारखं काही नसतं. हे स्वीकारायला मला सगळ्यात जास्त वर्षं लागली. माणसाचा हात शिवशिवतो, कुठेतरी खणावंसं वाटतं. पण दोन्हीकडे पाणी समपातळीला असताना बांध खणणं म्हणजे ओहोटीनंतर बांधच न राहणं. आम्ही बसून राहिलो. ओहोटी लागल्यावर दारातून पहिला आवाज आला तो पाण्याचा नव्हता. आत अडकलेला पत्र्याचा पिंप दारावर आदळत होता. कमरेला दोर बांधून तो काढला आणि मग दार पुरतं उघडलं. बांध वाचला. ज्याचं शेत बांधाला लागून होतं त्याचं भात गेलं. त्याच्याशी त्या दिवशी कुणी काही बोललं नाही.

त्यानंतर मी झडपेवरून वर सरकत गेलो. खाली बसून कचरा काढत राहणं म्हणजे गळक्या छपराखाली भांडी बदलत बसणं. वर बघायला हवं होतं. शेतकऱ्यांनी वर्गणी काढली, मला आणि पाड्यावरच्या दोघा आदिवासी भावांना हंगामाचं काम दिलं. ते दोघं जंगलाचे जाणकार. कुठल्या घळीत झाडं कलली आहेत, कुठे मुरूम सुटतोय, कुठे खदानीची माती ओढ्याच्या काठावर रचून ठेवली आहे, हे त्यांना पायवाटेनं जाताना दिसायचं. मला त्यात दिसायचे फक्त दगड. खदानीचा प्रश्न नाजूक आहे. काठावर टाकलेला राडारोडा पहिल्या पावसात ओढ्यात येतो, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. आम्ही तोंडी सांगितलं, लेखी दिलं. एका ठिकाणी ढीग मागे सरकवला गेला, दुसऱ्या ठिकाणी ढिगावर गवत उगवेपर्यंत वाट बघून “आता ती टेकडीच आहे” असं सांगण्यात आलं.

अभयारण्यात परवानगीशिवाय दगडही हलवता येत नाही, आणि ते बरोबरच आहे; वरचं जंगल आहे म्हणून खाली शेतं आहेत. आमचं काम पायथ्याला, मालकीच्या जागेत. डोंगराचा उतार जिथे मोडतो आणि जमीन सपाट व्हायला लागते, तिथे ओढा आपणहून ओझं टाकतो. तीच जागा धरायची. तिथे आम्ही ओढ्यातलेच दगड लावून गुडघ्याएवढे बुटके बांध घातले, एकाखाली एक. चुना-सिमेंट काही नाही. पाणी फटींतून गेलं पाहिजे, दगड मागे राहिले पाहिजेत. दोन गोष्टी मात्र सोडायच्या नाहीत. बांधाची टोकं काठात हातभर तरी खोल शिरलेली हवीत आणि मधला भाग टोकांपेक्षा खाली हवा. मध्य उंच राहिला तर पाणी कडेनं जातं, काठ पोखरतं आणि बांध कोरडा उभा राहून शेजारून नवा ओढा सुरू होतो. असा एक बांध सरकारी नकाशाप्रमाणे बांधलेला मी अजूनही लोकांना दाखवतो. बांध अगदी शाबूत आहे, ओढा शेजारच्या वालाच्या शेतातून जातो.

झाडं आणि फांद्या अडवायला खुंट हवे होते. नवं लाकूड तोडायचं नव्हतं, लोखंड परवडत नव्हतं. मी पाचूबंदरला आलो आणि डोलीच्या कवीवरचे जुने, समुद्रातून काढून टाकलेले खांब मागितले. भर प्रवाहात डोलजाळं ताणून धरणारी ही लाकडं. वरून झिजलेली, आतून अजून टणक. टेम्पोत घालून ती वर नेली. खांब कसा रोवायचा हे आम्हाला शिकवावं लागत नाही. दोन खांबांत हात-दीड हाताचं अंतर ठेवलं, प्रवाहाच्या दिशेनं किंचित कलते ठेवले आणि सगळी रांग आडवी न ठेवता तिरकी घातली, म्हणजे कचरा एका काठाकडे सरकत जातो. महत्त्वाचं म्हणजे ही रांग मोरीच्या तोंडाशी नको, वीस-पंचवीस पावलं वर हवी, आणि तिच्याजवळ जेसीबी उभा राहील एवढी टणक जागा हवी. कचरा अडकणार हे धरूनच चालायचं असेल तर तो कुठे अडकावा हे आपण ठरवावं. एका मोरीच्या तोंडालाच कुणीतरी लोखंडी जाळी बसवली होती. गुटख्याच्या पुड्या आणि दुधाच्या पिशव्यांनी ती तासाभरात लिंपून गेली आणि रस्त्यावरून पाणी गेलं. ती जाळी आम्ही कापली. कुणी विचारायला आलं नाही.

खुंटांवरचा ढीग उपसणं हे या कामातलं सगळ्यात घाणेरडं काम. वरून तो नुसता पालापाचोळा दिसतो. हात घालण्याआधी लांब काठीनं चाळवायचा, कारण पुरातून वाचलेली जनावरं त्यावर चढून बसलेली असतात. फुरसं तर सुक्या पानांत दिसतच नाही. मग आकड्यानं एकेक फांदी सैल करायची, नेहमी खालच्या बाजूनं; वरून ओढलं तर सगळा ढीग अंगावर येतो. फांदी, मग वेलींचा गुंता, मग साडीची चिंधी, तिच्यात गुंडाळलेली कुणाची तरी देवाची तसबीर. तसबिरी आम्ही बाजूला काढून वडाखाली ठेवतो. कुठल्या धर्माची हे बघत नाही. संध्याकाळपर्यंत बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. करंजाचं तेल लावतो, गमबूट दुसऱ्या दिवशीपर्यंत वाळत नाहीत.

पाऊस ओसरल्यावर बांधांमागचे दगड काढून टाकणं हे दुसरं काम, आणि तेच सगळ्यांत आधी टळतं. दिवाळीनंतर कुणाला ओढा आठवत नाही. भरलेला बांध पुढच्या वर्षी काही अडवत नाही. उलट मोठ्या पावसात फुटला तर साठवलेलं सगळं एकदम खाली सोडतो. म्हणून वर्गणी घेतानाच मी दोन हिस्से करायला लावतो. एक जूनच्या आधी, एक मार्चमध्ये दगड उपसायला. मार्चचा हिस्सा जमवताना जास्त चपला झिजतात.

एक दिवस मात्र या सगळ्या बांधांपेक्षा जास्त शिकवून गेला. जुलैची दुपार, सकाळपासून झोड उठलेली, ओढा लाल पाण्यानं भरलेला. आम्ही तिघं खुंटांजवळ काम करत होतो. पाहता पाहता पाणी उतरलं. मांडीपर्यंतचं पोटरीला आलं. मला बरं वाटलं, कामाला सोपं झालं म्हणून. काठावर शेळ्या घेऊन उभी असलेली पाड्यावरची एक म्हातारी ओरडली, “पानी कमी झाला, पला!” माझ्याबरोबरचे दोघं हातातली हत्यारं टाकून काठावर चढले सुद्धा. मी त्यांच्या मागे. काही मिनिटं नुसता पाऊस पडत राहिला, ओढ्यात पाणी जवळजवळ नाहीच. मग वरून आवाज आला, खडी भरलेला डंपर रिकामा करावा तसा, पण थांबेना असा. झाडाच्या मुळ्या, दगड, चिखल यांची कमरेएवढी भिंत आमच्या खुंटांवरून गेली. वर कुठेतरी काठ कोसळून ओढा तुंबला होता आणि ती कोंडी फुटली होती. खुंटांपैकी निम्मे जागेवर राहिले. आम्ही तिथे असतो तर काय झालं असतं हे बोलायची गरज पडली नाही.

तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे. पाऊस चालू असताना ओढा वाढला तर काम सावधपणे चालू ठेवायचं. पाऊस चालू असताना ओढा अचानक आटला, किंवा पाण्याचा रंग एकाएकी गढूळ होऊन मातीचा ओला वास सुटला, तर विचार न करता काठ सोडायचा, आणि ओढ्याच्या वाटेनं खाली नाही, आडवं उंचावर पळायचं. म्हातारीला हे कुणी शिकवलं नव्हतं. माळीण गाव ३० जुलै २०१४ ला दरडीखाली गाडलं गेलं, तळीये २२ जुलै २०२१ ला, इर्शाळवाडी १९ जुलै २०२३ च्या रात्री. आमच्याच तालुक्यात २०२२ च्या जुलैत वाघरालपाड्यात घरावर दरड आली आणि माणसं दगावली. अशी बातमी आली की मी ओढ्याखालच्या झोपड्या मोजत फिरतो. डोंगर कापून केलेल्या सपाटीवर भाड्याच्या खोल्या बांधल्या आहेत, त्यांतली माणसं उत्तर प्रदेश-बिहारहून, विदर्भातून आलेली. त्यांना ना नक्षत्र माहीत, ना तिथी, ना तो ओढा उन्हाळ्यात का कोरडा असतो ते. त्यांच्या पोरांना मी जूनमध्ये एवढंच सांगतो, पाणी कमी झालं तर आईला हाक मारा. मोठी माणसं हसतात, पोरं लक्षात ठेवतात.

भांडणांविषयी लिहिलं नाही तर हे लिखाण खोटं होईल. पाणी तुंबलं की वरच्या शेतकऱ्याला रस्त्याचा भराव फोडायचा असतो आणि खालच्याला तो राखायचा असतो. एका रात्री दोन्हीकडची माणसं कुदळी घेऊन मोरीवर समोरासमोर आली. एकमेकांचे व्याही त्यात. मी मधला, कोळीवाड्याचा, ना जातीचा ना शेताचा. तेवढ्यासाठीच माझं ऐकलं गेलं असावं. मी म्हटलं, ओहोटीला अजून दोन तास आहेत, तोवर मोरी आतून मोकळी करायचा प्रयत्न करू. नाही झाली तर तुम्ही कुदळी चालवा, मी बाजूला होतो. मोरीत आडवा अडकला होता लग्नाच्या मांडवाचा बांबूंचा भारा, सुतळीनं बांधलेला तसाच. सुतळी कोयत्यानं कापली आणि बांबू एकेक करून निघून गेले. तो मांडव कुणाच्या लग्नाचा होता, यावर नंतर चार दिवस चर्चा झाली आणि त्यात दोन्ही बाजूंची माणसं होती.

पण हा तोडगा त्या रात्रीपुरता. खरा तोडगा निघाला तो एका खोलगट शेतामुळे. ओढ्याच्या वळणावर एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचं दीडेक एकराचं शेत होतं, दर दोन वर्षांनी ते बुडायचंच. त्याच्या मुलांनी काठावर भिंत घातली. पुढच्या पावसात त्यांचं शेत कोरडं राहिलं आणि खालची पाच जणांची शेतं रेतीखाली गेली. म्हाताऱ्यानं स्वतः भिंत पाडायची तयारी दाखवली, पण विचारलं, “मग मी खाऊ काय?” बरोबर होतं त्याचं. तेव्हा असं ठरलं की काठाला एक सखल जागा मुद्दाम ठेवायची, पाणी ठरावीक उंचीच्या वर गेलं की त्या शेतात उतरेल, तिथे फिरेल, गाळ टाकेल आणि खालच्या टोकानं परत ओढ्यात जाईल. शेताच्या तोंडाशी आमचे खुंट, म्हणजे गोटे आणि खोडं आत नकोत, फक्त गढूळ पाणी. ज्या वर्षी त्याचं पीक जाईल त्या वर्षी खालच्या पाच जणांनी त्याला भाताच्या गोण्या द्यायच्या. कागद झाला नाही. मारुतीच्या देवळात बसून बोलणं झालं. बारीक गाळ शेताला मानवतो. पुढल्या वर्षी त्या दीड एकरात वाल असा आला की बाकीचे बघायला आले.

पश्चिमेकडच्या आमच्या लोकांना यात नवल वाटलं नाही. निर्मळ, गिरीज, भुईगावकडच्या वाड्यांत जुनी बावखलं आहेत, पावसाचं पाणी धरून ठेवणारी खोल डबकी. उन्हाळ्यात रहाटानं पाणी उपसून केळी, पानवेली जगायच्या, आणि जमिनीत गोडं पाणी मुरत राहिल्यानं खारं पाणी पुढे सरकत नसे. कितीतरी बावखलं बुजवून त्यांवर इमारती उभ्या राहिल्या. २०१८ च्या जुलैत वसई-विरार बुडालं, वसई ते विरार लोकल बंद पडली, वीज गेली, मिठागरातली वस्ती पाण्यात अडकली. १० तारखेला अमावास्येला तीन दिवस राहिले होते, म्हणजे उधाण चढत होतं आणि आत आलेलं पाणी दर भरतीला परत अडत होतं. त्यानंतर निरी आणि आयआयटी मुंबईच्या सत्यशोधन समितीनं कारणं शोधली, आणि उपायांत पाणी काही काळ धरून ठेवायचे तलाव सुचवले. ते वाचून म्हाताऱ्याचा मुलगा मला म्हणाला, “काका, आमचा बाप विनापगारी आयआयटीत होता.”

नाल्याला दोन्ही बाजूंनी काँक्रीट घालायची हौस अजून गेलेली नाही. काँक्रीट चांगलं दिसतं, उद्घाटनाला बरं पडतं, आणि जिथे काठावर घरंच आहेत तिथे त्याला इलाजही नाही. पण शेतातल्या ओढ्याला गुळगुळीत केलं की पाणी पळतं, आणि जिथे काँक्रीट संपतं तिथे ते खड्डा खणतं. अशा टोकाला आम्ही काठावर करंज आणि निरगुडी लावली, वाळ्याचे ठोंब लावले. पहिल्या वर्षी निम्मे वाहून गेले, परत लावले. आता तो काठ धरून आहे. झाड लावलेल्या काठाची देखभाल बायका करतात. पुरुषांना तिथे दाखवण्यासारखं काही वाटत नाही.

हल्ली माझे गुडघे ओढ्यात उतरू देत नाहीत. मी काठावर खुर्ची टाकून बसतो आणि वेळा सांगतो. पाचूबंदरची दोन तरुण पोरं बंदीच्या महिन्यांत माझ्याबरोबर येतात. डोलीच्या खांबांची दुसरी खेप त्यांनीच वर नेली. त्यांनी पाड्यावर, मोरीवर आणि झडपेवर असा तिघांचा मोबाइलचा गट केला आहे. वर पाणी वाढलं की फोटो येतो, खालचा दाराकडे जातो. माझ्या काळी पाड्यावरून थाळी वाजवायचे. नेटवर्क गेलं की अजून थाळीच वाजते, म्हणून ती झाडाला टांगलेली ठेवा असं मी सांगून ठेवलं आहे.

म्हातारा शेतकरी गेल्या वर्षी वारला. त्याच्या खोलगट शेताच्या पलीकडे नवा भराव आला आहे आणि त्या जमिनीला भाव आलाय. मुलांपैकी धाकट्याला माती टाकून जागा वर घ्यायची आहे, थोरल्याला बापाचा शब्द मोडायचा नाही. खालचे पाच जण आता सात झालेत, वाटण्या झाल्यामुळे. गोण्यांऐवजी दर वर्षी रोख रक्कम द्यावी, पीक जावो न जावो, असं मी सुचवलं आहे. सातांपैकी चौघं तयार आहेत. उरलेल्या तिघांचं म्हणणं, गेली दोन वर्षं पूर आलाच नाही, मग पैसे कशाचे? नव्या भरावातल्या मोरीचा तळ ओढ्याच्या तळापेक्षा हातभर वर आहे, हे मी त्यांना दोरी लावून दाखवलं. मे महिन्यात, ओढा कोरडा असताना, पुन्हा एकदा सगळ्यांना तिथे उभं करणार आहे.